पाऊल कुठं वाजलं? गेमिंगमधलं सराउंड साउंड, दोन कानांच्या हिशेबानं

काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेममध्ये न्यूक नावाचा एक जुना मॅप आहे. बॉम्ब लावायच्या दोन जागा बाकीच्या मॅपमध्ये एकमेकींपासून लांब असतात, इथं मात्र एक दुसरीच्या डोक्यावर आहे. वर ए, खाली बी. त्यामुळे न्यूकमध्ये पावलं वाजली की डावीकडे की उजवीकडे एवढं कळून भागत नाही. वर की खाली, पुढे की मागे, तेही कळावं लागतं.

मागे मी एक नवा हेडसेट घेतला. खोक्यावर हाताएवढ्या अक्षरांत ७.१ छापलेलं, म्हणजे चहूबाजूंनी आवाज ऐकवणाऱ्या सराउंड साउंडचा दावा, किंमत माझ्या जुन्या साध्या हेडफोनच्या तिप्पट. पहिल्याच संध्याकाळी न्यूकमध्ये लागोपाठ तीन राउंड पाठीत गोळ्या खाऊन मेलो. तिन्ही वेळा माझी बंदूक समोरच्या दाराकडे रोखलेली होती, कारण पावलं मला समोरून ऐकू आली होती. हेडसेट बनवणाऱ्याला दोन शिव्या घालून झाल्यावर सेटिंग उघडून बसलो, तेव्हा खरा प्रकार लक्षात आला. गेमनं आवाजाला दिशा देऊन ठेवलेली होती, विंडोज त्यावर पुन्हा दिशा देत होतं आणि हेडसेटचं सॉफ्टवेअर त्याच्याही वर तिसऱ्यांदा. आमटीत आईनं मीठ घातलं, आजीनं घातलं आणि वाढणाऱ्यानंही चव न बघता घातलं, तर आमटीचं जे होईल ते माझ्या पावलांचं झालं होतं.

बाजारात नावांची गर्दी आहे. डॉल्बी ॲटमॉस, डीटीएस हेडफोन:एक्स, विंडोज सॉनिक, टीएचएक्स स्पेशियल, व्हर्च्युअल ७.१, 'खरं' ७.१, एचआरटीएफ. यातली निम्मी नावं एकमेकांची स्पर्धकच नाहीत, ती आवाजाच्या प्रवासात वेगवेगळ्या टप्प्यांवर काम करतात. म्हणून यांत भारी कोण, हे विचारण्याआधी मीठ नेमकं कोण घालतंय, ते बघायला हवं. आणि त्याच्याही आधी आपला कान दिशा ओळखतो कशी, ते.

कानात कणिक

सुट्टीत ताईकडे गेलो होतो. भाचा दहावीतला, दिवसरात्र व्हॅलोरंट, तोही गोळीबाराचाच गेम. त्याला खुर्चीवर बसवलं, डोळ्यांवर ओढणी बांधली आणि मान हलवायची नाही अशी तंबी दिली. आंधळी कोशिंबीर, पण बसून.

आधी मोबाइलवर एकसुरी "टूं" असा आवाज लावला. डावीकडे, उजवीकडे धरला तर बोट बरोबर तिकडेच. मग फोन बरोबर त्याच्या नाकासमोर धरला. "मागे आहे, मामा." डोक्याच्या मागे धरला. "मागेच... नाही, समोर." निव्वळ अंदाज चालले होते. मग फोन ठेवून किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला, समोर आणि मागे. आता एकही चूक नाही. शेवटी ताईच्या परातीतली थोडी कणिक घेतली आणि त्याच्या दोन्ही कानांच्या पाळ्यांवरच्या घड्या लिंपून टाकल्या. कानाच्या भोकात नाही, फक्त बाहेरच्या घड्या. पुन्हा किल्ल्या. भाच्याचे अंदाज पुन्हा चुकायला लागले आणि डोक्यावर धरलेल्या किल्ल्या त्याला समोर वाटू लागल्या. ताईनं ती कणिक फेकून दिली आणि मला काय म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

या खेळात सराउंड साउंडचं सगळं शास्त्र येऊन गेलं. डावं-उजवं ओळखायला दोन खुणा असतात. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला थोडा उशिरा. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, त्यामुळे डोक्याला वळसा घालून पलीकडे जायला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद लागतात. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा काढतो. दुसरी खूण म्हणजे डोक्याची सावली. उंच पट्टीचा आवाज डोक्याला अडतो आणि पलीकडच्या कानाला हळू ऐकू येतो. खालच्या पट्टीत वेळेचा फरक कामाला येतो आणि वरच्या पट्टीत जोराचा, ही मांडणी लॉर्ड रॅलेनं १९०७ मध्येच केली होती.

आता नाकासमोरचा आवाज घ्या. तो दोन्ही कानांना एकाच वेळी, एकाच जोरानं पोचतो. डोक्यामागचाही तसाच आणि बरोबर डोक्यावरचाही तसाच. वेळ आणि जोर, दोन्ही खुणा इथं मुक्या होतात. मग कामाला येतात कानाच्या वेड्यावाकड्या घड्या. समोरून आलेला आवाज त्या घड्यांवर एका प्रकारे आपटतो, मागून आलेला दुसऱ्या प्रकारे. त्यात काही पट्ट्या दबतात, काही उठतात, आणि मेंदूनं लहानपणापासून हा नकाशा पाठ केलेला असतो. एकसुरी "टूं"मध्ये दबायला-उठायला पट्ट्याच नसतात, म्हणून भाचा चुकला. किल्ल्यांच्या खुळखुळाटात भरपूर असतात, म्हणून जिंकला. कणिक भरली तेव्हा नकाशाच पुसला.

आवाज कानाच्या भोकापर्यंत पोचेस्तोवर डोकं, खांदे आणि कान त्याच्यात जो बदल करतात, त्या बदलाचं गणिती वर्णन म्हणजे एचआरटीएफ (हेड-रिलेटेड ट्रान्सफर फंक्शन). हे मोजता येतं. कानाच्या भोकात बारीकसा मायक्रोफोन बसवायचा आणि सगळ्या बाजूंनी आवाज वाजवत जायचं. अमेरिकेतल्या एमआयटीनं १९९४ मध्ये केमार नावाच्या पुतळ्याच्या कानांत असे मायक्रोफोन ठेवून ७१० जागांवरून मोजमाप घेतलं आणि ते सगळ्यांना खुलं केलं. एकदा हे मोजमाप हाती आलं की कोणताही आवाज त्या गाळणीतून काढून साध्या दोन पडद्यांच्या (प्रत्येक कानाला आवाज काढणारा एकच पडदा) हेडफोनवर "मागून" वाजवता येतो. कानात जाणारे आवाज शेवटी दोनच. त्या दोनांत मागची खूण नीट भरली, की मेंदू मान वळवायला निघतो.

पेठ आणि घर नंबर

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे वळू.

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. समोर डावा, मधला, उजवा, आणि कडेला थोडे मागे सरकवलेले दोन. ७.१ मध्ये कडेचे दोन आणि मागचे दोन वेगळे. पॉइंट एक म्हणजे फक्त धडधडीचा चॅनल. त्याच्यात दिशा नसते. ८० हर्ट्झच्या आवाजाची लाट चार मीटरहून लांब असते, आपलं डोकं तिच्यापुढे किस झाड की पत्ती. म्हणून सबवूफर सोफ्याखाली ठेवला काय आणि कोपऱ्यात ठेवला काय, पावलं ओळखण्यात त्याचा उपयोग शून्य.

चॅनलच्या पद्धतीत (चॅनल म्हणजे एका स्पीकरसाठीचा आवाज) गेम आधीच ठरवतो की हा आवाज कुठल्या स्पीकरमध्ये किती टाकायचा. शत्रू दोन स्पीकरच्या मधे असेल तर दोघांत वाटून. पत्ता सांगताना "सदाशिव पेठेत कुठंतरी" म्हणावं तसं हे आहे. सात पेठांपैकी एक कळली, किंवा दोन पेठांच्या सीमेवर आहे एवढं कळलं. आणि मजल्याचं तर नावच नाही, कारण ५.१ आणि ७.१ मधले सगळे स्पीकर कानाच्या पातळीवर धरलेले असतात. न्यूकमधला वरचा आणि खालचा माणूस या यादीत एकाच ओळीत येतो. एकदा मजला गाळला की पुढे कितीही महागडं सॉफ्टवेअर लावा, ते तो परत आणू शकत नाही.

ऑब्जेक्टच्या पद्धतीत गेम वाटणी करतच नाही. आवाज हा आणि तो अमुक जागी, एवढंच पुढे पाठवतो. घर नंबर, मजला, सगळं. ऐकणाऱ्याकडे पाच स्पीकर आहेत, बारा आहेत की हेडफोन आहे, ते बघून शेवटचं यंत्र हिशेब करतं. डॉल्बी ॲटमॉसची मूळ कल्पना हीच. २०१२ मध्ये ती चित्रपटगृहांत आली, २०१५ च्या सुमाराला गेममध्ये उतरली.

शोकेसवरचे पाच स्पीकर

खरेखुरे स्पीकर लावायचे असतील तर आधी घर बघा. आपल्याकडे ५.१ चा होम थिएटर सेट घेऊन पाचही स्पीकर टीव्हीच्या शोकेसवर ओळीनं मांडण्याची थोर परंपरा आहे. मागचे स्पीकर समोर ठेवून मागचा आवाज कुठून येणार? समोरचे दोन मधल्या रेषेपासून ३० अंशांवर, कडेचे दोन साधारण ११० अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेच्या जरा मागे, आणि सगळे तुमच्या खुर्चीपासून सारख्या अंतरावर. खुर्ची भिंतीला टेकलेली असेल, आणि आपल्या बेडरूममध्ये ती असतेच, तर नाद सोडा.

जागा असेल तर मात्र स्पीकरसारखं सुख नाही. तिथं तुमचे स्वतःचे कान, स्वतःच्या घड्या काम करतात, कुणा पुतळ्याच्या नाही. मान जराशी वळवली की समोरचं-मागचं लख्ख वेगळं होतं. हेडफोनमध्ये मान वळवली तर आवाजही तिच्याबरोबर वळतो, त्यामुळे ही युक्ती चालत नाही. तिच्याऐवजी माऊस आहे. पावलं समोर की मागे कळेनात तर माऊस किंचित डावीकडे-उजवीकडे हलवा. उजवीकडे वळल्यावर आवाज डाव्या कानाकडे सरकला तर माणूस समोर, उजव्या कानाकडे सरकला तर मागे. चांगले खेळाडू हे नकळत करतात.

तारांमध्ये एक जुना सापळा आहे, तो सांगितलाच पाहिजे. कंप्युटरपासून होम थिएटरपर्यंत ऑप्टिकल केबल टाकली की सिनेमा ५.१ मध्ये वाजतो आणि गेम मात्र फक्त समोरच्या दोन स्पीकरमध्ये. स्पीकर बिघडलेले नसतात. ऑप्टिकल केबलमधून न दाबलेले (कॉम्प्रेस न केलेले) फक्त दोन चॅनल जातात. सिनेमाचं ५.१ आधीच डॉल्बी डिजिटलमध्ये दाबून ठेवलेलं असतं, ते मावतं. गेमचा आवाज त्या क्षणी तयार होत असतो, तो दाबायला साउंड कार्डात डॉल्बी डिजिटल लाइव्हसारखी सोय लागते. ती नसेल तर एचडीएमआय वापरा, त्यातून आठ चॅनल न दाबता जातात. नाहीतर मदरबोर्डच्या मागची रंगीत भोकं आहेतच. हिरवं समोरच्यांचं, काळं मागच्यांचं, केशरी मधल्याचं आणि सबवूफरचं, राखाडी कडेच्यांचं.

खटला जिंकला, दुकान बुडालं

हेडफोनवर दिशा ऐकवायची कल्पना नवी नाही. नासाच्या एम्स केंद्रासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॉन्व्हॉल्व्होट्रॉन नावाचं यंत्र बनलं, दोन कानांत चहूबाजूंचा आवाज भरणारं. ते बनवणारी क्रिस्टल रिव्हर ही कंपनी पुढे ऑरियल या दुसऱ्या कंपनीनं घेतली आणि १९९७-९८ मध्ये एथ्रीडी नावाचं तंत्र घरच्या साउंड कार्डावर आणलं. त्याची दुसरी आवृत्ती मॅपमधल्या भिंती लक्षात घेऊन आवाज कुठून परावर्तित होईल, कुठं अडेल याचा हिशेब करायची. १९९८ साली! हाफ-लाइफ या गेममध्ये ज्यांनी ते ऐकलं ते अजून त्याच्या आठवणी काढतात.

समोर क्रिएटिव्ह होती, साउंड ब्लास्टर नावाची साउंड कार्डं बनवणारी कंपनी, ईएएक्स हे आपलं तंत्र घेऊन. ईएएक्सचा भर दिशेपेक्षा जागेवर होता. गुहेत घुमेल, बाथरूममध्ये खणखणेल, गालिच्यावर दबेल. ऐकायला झकास. क्रिएटिव्हनं ऑरियलवर पेटंटचा दावा लावला. १९९९ च्या डिसेंबरात ऑरियल जिंकली, पण खटल्याच्या खर्चानं दिवाळं निघालं, आणि २००० मध्ये तिची मालमत्ता विकत घेतली ती क्रिएटिव्हनंच.

पुढे ईएएक्सही फार टिकलं नाही. २००७ च्या सुरुवातीला विंडोज व्हिस्टा लोकांच्या हातात आली आणि तिच्यात मायक्रोसॉफ्टनं डायरेक्टसाउंडचा (गेमचा आवाज साउंड कार्डापर्यंत नेणारी विंडोजची सोय) थेट हार्डवेअरशी असलेला रस्ता बंद केला. आवाजाच्या ड्रायव्हरमुळे अख्खी विंडोज कोसळायची, ते थांबवायचं होतं. कारण रास्त होतं, पण ईएएक्सचे गेम एका रात्रीत सपाट वाजायला लागले. मग बरीच वर्षं गेम बनवणाऱ्यांनी ५.१-७.१ चॅनल काढून द्यायचे आणि पुढचं हेडसेटवाल्यांनी बघायचं, अशी वाटणी झाली. खोक्यावरचं ७.१ त्या काळात मोठं झालं.

मग खोक्यावरचं ७.१ काय असतं?

बहुतेक हेडसेटमध्ये दोनच पडदे असतात. सॉफ्टवेअर विंडोजला सांगतं की माझ्याकडे सात स्पीकर आहेत. गेम विश्वास ठेवून सात चॅनल देतो. सॉफ्टवेअर त्या सातांना खोलीत मांडल्याची कल्पना करून प्रत्येकाला एचआरटीएफच्या गाळणीतून काढतं आणि दोन कानांत ओततं. याला व्हर्च्युअल ७.१ म्हणतात. फसवणूक नव्हे, पण पत्ता पेठेपर्यंतचाच. शिवाय काही सॉफ्टवेअर "भव्य" वाटावं म्हणून वर खोलीचा घुमारा ओततात. तो सिनेमाला शोभतो. पावलांना मात्र धुक्यात ढकलतो. दुसरी गंमत, हे सॉफ्टवेअर कंप्युटरवर किंवा यूएसबीच्या डबीत असतं. तोच हेडसेट साध्या ३.५ मिमीच्या पिनेनं मोबाइलला लावला की तो निमूट स्टिरिओ असतो.

'खरं' ७.१ म्हणून प्रत्येक कानात तीन-चार छोटे पडदे बसवलेले हेडसेटही आले. माझं मत विचाराल तर लांब राहा. पडदा कानापासून दोन बोटांवर असताना त्याला मागे सरकवून मागचा भास फारसा होत नाही, आणि त्याच पैशांत एक मोठा चांगला पडदा बसला असता त्याऐवजी चार किरकोळ बसतात.

यापुढचा टप्पा विंडोजचा. २०१७ पासून विंडोज १० मध्ये स्पेशियल साउंडची सोय आली आणि तिच्यात तीन पर्याय दिसतात. विंडोज सॉनिक फुकट. डॉल्बी ॲटमॉस फॉर हेडफोन्स आणि डीटीएस हेडफोन:एक्स यांना एकदाच पैसे भरावे लागतात, आधी काही दिवस फुकट वापरून बघता येतात. तिघांचं काम तत्त्वतः एकच, फक्त गाळणी ज्याची त्याची. सॉनिकचा आवाज मला साधा आणि कोरडा वाटतो, डॉल्बीचा भरीव आणि जरा फुगवलेला, डीटीएसचा मधला. यात माझ्या कानांचा वाटा मोठा आहे, तुमचा कौल वेगळा येऊ शकतो.

तिघांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. ॲटमॉसची खरी ताकद गेमनं ऑब्जेक्ट पाठवले तरच. ओव्हरवॉच, बॅटलफिल्ड १, सायबरपंक २०७७ असे काही गेम ते करतात. बाकीचे सात चॅनल पाठवतात, तेव्हा ॲटमॉस हे फक्त एक बऱ्यापैकी व्हर्च्युअल ७.१ असतं. आणि गेम जर स्टिरिओच पाठवत असेल, तर समोर दोन काल्पनिक स्पीकर मांडल्यापलीकडे यांना करण्यासारखं काही उरत नाही. त्यावर "वरून हेलिकॉप्टर गेलं" असं वाटलंच, तर ते तुमच्या भरलेल्या पैशांचं समाधान.

तिसरा टप्पा खुद्द गेमचा, आणि माझ्या मते गोळीबाराच्या गेमांसाठी हाच सगळ्यात भक्कम. शत्रूची नेमकी जागा, उंची, मधली भिंत हे सगळं गेमलाच ठाऊक असतं. त्यानंच एचआरटीएफ लावलं तर घर नंबर कुठंच हरवत नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये ही सोय २०१६ मध्ये आली. काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या वाल्वनं २०१७ च्या सुरुवातीला इम्पल्सॉनिक ही छोटी कंपनी घेतली, तिच्या तंत्रातून स्टीम ऑडिओ उभं राहिलं, आणि ते कुठल्याही गेम बनवणाऱ्याला फुकट वापरता येतं. भिंती मोजून आवाज वळवणं, जे ऑरियल १९९८ मध्ये करत होती, ते असं फिरून परत आलं. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये डावा-उजवा कान एकमेकांपासून किती तोडायचा, ते ठरवायची एक सरकपट्टीही (स्लायडर) आहे. व्हॅलोरंटमध्ये २०२१ पासून ऑडिओच्या सेटिंगमध्ये एचआरटीएफचं बटण आहे. सुरुवातीला तिथं पावलं, बंदूक भरण्याचा आवाज असे मोजकेच आवाज या गाळणीतून जायचे. शहाणपणाचा निर्णय. दिशा ज्यांची महत्त्वाची, त्यांनाच दिशा.

जागा कमी म्हणून एकाच वाक्यात: हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस या २०१७ च्या गेममधले नायिकेच्या डोक्यातले आवाज पुतळ्याच्या कानांत मायक्रोफोन ठेवून रेकॉर्ड केलेले आहेत, रात्री दिवे मालवून साध्या स्टिरिओ हेडफोनवर ऐका आणि वर कोणतंही सराउंड लावू नका.

माझ्या कंप्युटरवर आता काय आहे

काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंट खेळताना: गेमचं एचआरटीएफ चालू, विंडोजचं स्पेशियल साउंड बंद, हेडसेटचं सॉफ्टवेअर स्टिरिओवर. मीठ एकानंच घालायचं. एखाद्या गेममध्ये स्वतःचं एचआरटीएफ नसेल पण ५.१-७.१ देत असेल, तर विंडोजचे तीन पर्याय किंवा हेडसेटचं सॉफ्टवेअर यांपैकी एक, आणि गेममध्ये आउटपुट ७.१. गेम फक्त स्टिरिओ देत असेल तर सगळं बंद. गोष्टीचे, गाड्यांचे, मोकळ्या जगाचे मोठे गेम असतील आणि त्यांत ॲटमॉस असेल, तर मी ॲटमॉस लावतो, कारण तिथं मरणाची घाई नसते आणि पाऊस डोक्यावर पडलेला आवडतो.

विंडोजमध्ये लाउडनेस इक्वलायझेशन नावाचा एक टिकमार्क आहे. तो लावला की बारीक पावलं मोठी होतात, म्हणून यूट्यूबवर त्याचे गोडवे गायले जातात. मोठी होतात हे खरं, पण लांबची आणि जवळची पावलं सारखीच मोठी होतात. अंतराचा अंदाज गेला. मी तो दोन दिवस वापरला आणि प्रत्येक पावलाला दचकायला लागलो.

ब्लूटूथ हेडफोन मात्र या कामाला नकोच. साध्या ब्लूटूथवर आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो. त्यात त्याचाच माइक चालू केला तर बहुतेक हेडफोन बोलण्याच्या मोडमध्ये जातात, आवाज टेलिफोनसारखा एकेरी होतो, आणि एकेरी आवाजात डावं-उजवंही उरत नाही. बिनतारीच हवा असेल तर यूएसबी डबीसह येणारा २.४ गिगाहर्ट्झचा घ्या. आणि पैसे ७.१ च्या आकड्याला देण्यापेक्षा मागून जाळी असलेल्या, उघड्या पाठीच्या चांगल्या स्टिरिओ हेडफोनला द्या. त्यात आवाज डोक्याबाहेर असल्यासारखा वाटतो. पंख्याचा आणि कुकरच्या शिट्टीचा आवाजही आत येतो, तेवढं सोसायचं.

तुमच्या कानांना कोणती गाळणी बसते ते दुकानात कळत नाही. मित्राला घेऊन रिकामा मॅप उघडा, डोळे मिटून बसा आणि त्याला तुमच्याभोवती फिरायला सांगा. तो थांबला की बोट दाखवा, मग डोळे उघडा. समोर, मागे, वरच्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर, प्रत्येकी दहा वेळा. कागदावर लिहून ठेवा. आपली आठवण फार पक्षपाती असते.

आणि पहिल्या दिवशी आकडे वाईट आले तर लगेच बटण बंद करू नका. प्रत्येक गाळणी दुसऱ्या कुणाच्या तरी कानांची असते, ती तुम्हाला परकी वाटणारच. नेदरलँड्समधल्या निमेगेन इथल्या संशोधकांनी १९९८ मध्ये काही जणांच्या कानांच्या घड्यांत साचे बसवले होते, माझ्या कणकेचाच शास्त्रशुद्ध प्रकार. पहिल्या दिवशी त्यांची वर-खालची ओळख साफ गेली. साचे घालूनच हिंडल्यावर काही आठवड्यांत ती परत आली. आणि साचे काढल्यावर जुना नकाशाही शाबूत होता. मेंदू नवे कान शिकला, जुने विसरला नाही. मीही गेमचं एचआरटीएफ लावल्यावर पहिले आठ दिवस कुरकुरलो. रोज पर्याय बदलत राहणाऱ्याला मात्र कुठलाच नकाशा पाठ होत नाही.

भाच्याची गोष्ट राहिली. त्याला सगळी सेटिंग लावून दिली, पंधरा दिवस हात लावू नकोस म्हणून बजावलं आणि घरी आलो. चौथ्या दिवशी फोन, "मामा, काहीच कळत नाहीये, उलटंच वाटतंय सगळं." तासभर फोनवर एकेक सेटिंग तपासलं. सगळं बरोबर होतं. शेवटी त्याला म्हटलं, हेडफोन काढ आणि आतल्या बाजूला एल आणि आर कुठं लिहिलंय ते वाच.

पलीकडे बराच वेळ शांतता.